क कंठातून, प ओठांतून

मामांना थंडी वाजत होती. अकरा रात्री वाजत होती, आणि आम्हाला ते बाराव्या दिवशी कळलं.

परभणी जिल्ह्यात, पाथरी तालुक्यात आमचं गाव. दिवाळी होऊन गेली होती, रात्रीचा गारठा पडायला लागला होता. मामांना अचानक लकवा मारला. मेंदूच्या देठातली रक्तवाहिनी बंद पडली होती. शहरातल्या एका दवाखान्याने महिनाभर ठेवून घेतलं, गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि घरी सोडताना सांगितलं, ‘आता यांना काही समजत नाही, सेवा करा.’ ओसरीवर पलंग टाकला. डास बसू नयेत म्हणून मामीने उशाशी टेबलफॅन लावला आणि तो रात्रंदिवस चालू ठेवला. भेटायला येणारी माणसं त्यांच्यासमोरच बोलायची: दोन एकर काढावी लागतील, पोरीचं यंदाच उरकून घ्या. मामी म्हणायची, "यायला काहीच कळंना आता."

मामेबहिणीला शंका आली ती बैलावरून. कुणीतरी बोलता बोलता घरच्या बैलाचं नाव चुकीचं घेतलं आणि मामांची नजर झटकन वर गेली. ती पलंगाशी बसली. "दादा, ऐकू येतंय का? येत असंल तर वर बघा." मामांनी वर बघितलं. मग तिने मामीकडे बोट केलं. "ही आत्या हाय का? नसंल तर खाली बघा." नजर खाली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गातला वर्णमालेचा तक्ता काढून घेऊन गेले. एकेका ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की मामांनी वर बघायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. पाचवी ओळ, पहिलं अक्षर: प. पहिली ओळ, दुसरं अक्षर: ख. "पंखा!" आम्ही तिघी एकदमच ओरडलो आणि बहिणीने पंखा एकवरून तीनवर नेला. मामांची नजर खाली, खाली, खाली. परत तक्ता धरला. ब. द. पंखा बंद.

मामा त्यानंतर अडीच वर्षं जगले, त्या तक्त्यावर बोलत. त्या काळात आणि त्यानंतरही, मेंदू थेट संगणकाला जोडून बोलण्याच्या तंत्राबद्दल मिळेल ते मी वाचत गेले. वर्तमानपत्रांत ‘विचार वाचणारं यंत्र’ असे मथळे येतात, त्यामुळे माणसं एकतर घाबरतात किंवा भलती आशा धरतात. खरं तर ही यंत्रं वाचतात ते मेंदूने ओठांना, जिभेला, घशाला दिलेले हुकूम. आणि मेंदूतली त्या हुकमांची मांडणी आपल्या पहिलीच्या तक्त्याच्या इतकी जवळ जाते की ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून नुसती क, च, ट, त, प म्हणत बसले होते.

वाचा जाते तेव्हा नेमकं काय जातं

‘वाचा गेली’ या दोन शब्दांत आपण दोन अगदी वेगळी दुखणी एकत्र करतो. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणंही गेलं, असं ज्यांच्याबद्दल ऐकतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या मेंदूच्या डाव्या भागाला मार बसलेला असतो. तिथे भाषाच दुखावते. शब्द सापडत नाही, पाणी म्हणायला जावं तर चावी निघतं, काहींना समोरच्याचं बोलणंही नीट उमगत नाही. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. आज गाजणारी यंत्रं या माणसांसाठी बनलेली नाहीत. त्यांना वाचा-उपचारतज्ज्ञाची, आणि तीही लवकर, गरज असते.

मामांचं दुखणं दुसरं. आमच्या भागाला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं, म्हणून त्याच भाषेत सांगते. धरण भरलेलं आहे, शेतं शाबूत आहेत, पण कालवा मध्येच फुटलाय. टेलच्या गावाला वाटतं, धरण आटलं. मेंदूकडून अंगाकडे जाणारे जवळपास सगळे हुकूम मेंदूच्या देठातून जातात, आणि तिथे एवढासा तुकडा मेला तरी मानेखालचं अंग, चेहरा, जीभ, घसा एकदम सुटतात. डोळे वर-खाली करण्याचे आणि पापण्या उचलण्याचे हुकूम मात्र त्या फुटीच्या वरूनच निघतात, म्हणून बहुतेकदा तेवढे वाचतात. फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर या डॉक्टरांनी 1966 मध्ये या अवस्थेला ‘लॉक्ड-इन’ असं नाव दिलं. माणूस आत जागा, कडी बाहेरून लागलेली.

एएलएस नावाच्या आजारात कालवा फुटत नाही, हळूहळू गाळाने भरत जातो. स्नायूंपर्यंत हुकूम नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, पण पुष्कळांची समज शेवटपर्यंत टिकते. स्टीफन हॉकिंग यांना हा आजार असल्याचं 1963 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी कळलं. 1985 मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला आणि पुढे गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर ते संगणकावर शब्द निवडत राहिले. आमच्याकडे विहिरीत किंवा झाडावरून पडून मणका दुखावलेली माणसं असतात, त्यांचे पाय जातात, कधी हातही जातात, पण आवाज सहसा राहतो.

कालवा दुरुस्त होत नसेल तर थेट धरणातूनच पाइप टाकायचा. या तंत्राचा सगळा विचार एवढाच आहे.

भिंतीबाहेरून आणि बाकावर बसून

आपल्या मेंदूत साधारण 8,600 कोटी मज्जापेशी आहेत आणि त्या एकमेकींशी विजेच्या बारीक स्पंदनांनी बोलतात. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावर तारा लावून ही वीज पहिल्यांदा टिपली. ती असते तरी किती? भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलच्या साधारण लाखाव्या हिश्शाएवढी.

कवटीबाहेरून ऐकणं म्हणजे बंद वर्गाच्या भिंतीबाहेर उभं राहणं. आत पोरं पाढे म्हणतायत की दंगा करतायत एवढं कळतं, पण कोण काय म्हणतंय ते कळत नाही. तरी एवढ्यावरही काम काढता येतं. 1988 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स फार्वेल आणि इमॅन्युएल डोंचिन यांनी पडद्यावर सहा ओळी आणि सहा स्तंभांत अक्षरं मांडली आणि एकेक ओळ, एकेक स्तंभ लखकन उजळवायला सुरुवात केली. माणसाने हव्या त्या अक्षराकडे लक्ष द्यायचं. ते उजळलं की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरीत एक उंचवटा येतो, ‘हेच ते’ असं म्हणणारा. हा आमचाच तक्ता, फक्त नजर वर जाण्याऐवजी लहर वर जाते. यात कुठे चिरफाड नाही, पण मिनिटाला दोन-तीन अक्षरं, डोक्यावर ओलं जेल, आणि पापणी लवली तरी सगळा आलेख हलतो.

पुढची पायरी कवटीच्या आतली. मेंदूच्या पृष्ठभागावर तारांचा पातळ पापुद्रा ठेवणं म्हणजे वर्गाच्या खिडकीला कान लावणं. आणि मेंदूत मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाणाऱ्या सुयांची छोटी चकती बसवणं म्हणजे पोरांमध्ये बाकावर जाऊन बसणं. बाकावरून एकेका पोराचा आवाज वेगळा येतो. अशी चकती बसवून 2004 मध्ये ब्रेनगेट या प्रयोगात अमेरिकेतल्या एका लुळ्या पडलेल्या तरुणाने नुसत्या इच्छेने पडद्यावरचा बाण हलवला. 2021 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एका माणसाने हातात पेन धरून लिहितोय अशी कल्पना केली आणि यंत्राने ती अक्षरं मिनिटाला 90 या वेगाने ओळखली. हाताला कित्येक वर्षं हालचाल नव्हती, तरी मेंदूत प्रत्येक अक्षराचं वळण शाबूत होतं. पोरांकडून पाटीवर गिरवून घेतो ते कुठे जाऊन बसतं, हे मला त्या दिवशी समजलं.

तक्ता डोक्यात असतो

आता एक करून बघा. घशावर बोटं ठेवून ‘प’ म्हणा, मग ‘ब’ म्हणा. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात, पण ‘ब’ला घसा थरथरतो. आता ‘म’ म्हणा: ओठ तेच, हवा नाकातून. पुढे क, च, ट, त, प असं सावकाश म्हणत जा. ‘क’ कंठाशी, ‘च’ टाळूला, ‘ट’ला जीभ वर वळते, ‘त’ दातांना, ‘प’ ओठांवर. मागून पुढे, घशापासून ओठांपर्यंत. पहिलीत आपण हे घोकतो, पण तक्त्याच्या ओळी म्हणजे तोंडाचा नकाशा आहे हे फार कमी पोरांना सांगितलं जातं. मीही कित्येक वर्षं सांगितलं नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या मेंदूशल्यचिकित्सक एडवर्ड चँग यांच्या गटाने 2013 मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. फिट्सच्या आजारावरील शस्त्रक्रियेसाठी तीन रुग्णांच्या मेंदूवर तारांचा पापुद्रा ठेवलेला होता. त्यांना ‘बा’, ‘दा’, ‘गा’ असे सुटे ध्वनी म्हणायला लावले आणि मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या पट्ट्यात काय होतं ते बघितलं. व्यंजनांचे गट पडले ते तोंडातल्या जागेप्रमाणे: ओठांची एकीकडे, जिभेच्या शेंड्याची दुसरीकडे, जिभेच्या मागच्या भागाची तिसरीकडे. आपल्या व्याकरणकारांनी नुसतं तोंडाकडे लक्ष देऊन जी मांडणी केली, तिच्याशी मिळतीजुळती मांडणी मेंदूच्या त्या पट्ट्यात सापडली.

बोलण्याचं यंत्र इथेच कान लावतं. माणूस बोलायचा प्रयत्न करतो, आवाज येत नाही, पण ‘ओठ मिटा, घसा थरथरवा’ हा हुकूम सुटलेला असतो. संगणक दर 80 मिलिसेकंदांनी अंदाज करतो: हा बहुधा ‘ब’, कदाचित ‘प’, थोडी शक्यता ‘म’ची. या अंदाजांच्या माळेवरून दुसरा प्रोग्राम शब्द लावतो, मोबाइलवर दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द सुचतो तसा. आम्ही ‘प’ आणि ‘ख’वरून पंखा ओळखला तो असाच. आणि पंखा तीनवर नेला, ती चूकही यंत्र तशीच करतं. ध्वनी बरोबर ओळखूनही म्हणणं उलटं लागू शकतं.

2021 मध्ये चँग यांच्या गटाने मेंदूच्या देठातल्या झटक्यामुळे पंधराहून अधिक वर्षं न बोललेल्या माणसावर हे पहिल्यांदा करून दाखवलं. पन्नास शब्दांचीच यादी, मिनिटाला साधारण 15 शब्द, आणि दर चार शब्दांमागे एक चुकलेला. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये दोन शोधनिबंध एकत्रच आले. स्टॅनफर्डच्या फ्रँक विलेट आणि जेमी हेंडरसन यांच्या गटाने एएलएस झालेल्या एका बाईंचं बोलणं मिनिटाला 62 शब्दांनी ओळखलं, तेही सव्वा लाख शब्दांच्या कोशातून. चँग यांच्या गटाने दुसऱ्या एका बाईंच्या मेंदूवर ठेवलेल्या 253 तारांच्या पापुद्र्याने 78 शब्दांपर्यंत मजल मारली. त्या दुसऱ्या बाईंना तिशीत झटका आला होता. लग्नातल्या भाषणाचं जुनं चित्रीकरण होतं, त्यावरून यंत्राला त्यांचा स्वतःचा आवाज दिला. घरच्या माणसाचा आवाज मोबाइलमध्ये राहिलेला असतो, तो पुसू नका असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच.

या कामात एक गोष्ट अनपेक्षित निघाली. मेंदूत ‘ब्रोका’ नावाचा भाग आहे. बोलण्याचं केंद्र म्हणून आपण तो शाळेत शिकतो. स्टॅनफर्डच्या गटाने अर्ध्या सुया त्या परिसरात बसवल्या आणि तिथून कामाचं फारसं काही मिळालंच नाही. सगळी कमाई झाली ती ओठ-जीभ हलवणाऱ्या पट्ट्याजवळच्या सुयांतून.

2024 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच डेव्हिस इथल्या गटाने, डेव्हिड ब्रँडमन आणि सर्गेई स्टॅविस्की यांनी, एएलएस झालेल्या एका माणसाच्या मेंदूत 256 तारा बसवल्या. पहिल्याच दिवशी पन्नास शब्दांच्या यादीवर अचूकता 99.6 टक्के. पुढे सव्वा लाख शब्दांवर ती 97.5 टक्क्यांपर्यंत गेली. तो माणूस घरी बसून, आपल्या जुन्या आवाजात, तासन्‌तास गप्पा मारू लागला.

तरीही तिथे वाक्य आधी अक्षरांत उमटायचं आणि मग वाचलं जायचं, त्यामुळे सूर हरवायचा. ‘जेवलास.’ आणि ‘जेवलास?’ यात अक्षरं तीच, फरक सगळा सुरात. 2025 मध्ये त्याच गटाने मजकुराचा टप्पाच काढून टाकला आणि सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात मेंदूच्या खुणांचा थेट आवाज केला. त्या माणसाने प्रश्न विचारले, शब्दावर जोर दिला, साध्या चालीत गुणगुणूनही दाखवलं. ऐकणाऱ्यांना त्यातले सुमारे साठ टक्के शब्द कळले, म्हणजे अजून पल्ला आहे. त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेचं नाव मैत्रेयी वैरागकर. ते मराठी नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. मामा गावच्या भजनात वीणा धरायचे. गुणगुणण्याचं ते वाक्य वाचताना मला पुढचं दिसेना.

आपल्या बोलीत हे येईल का

वरची जवळजवळ सगळी यंत्रं इंग्रजीवर शिकली आहेत. ‘ताट’ म्हणून बघा: पहिल्या अक्षराला जीभ दातांवर, दुसऱ्याला वर वळलेली. इंग्रजीत या दोन जागा वेगळ्या मोजत नाहीत. आपल्याकडे चहातला ‘च’ वेगळा आणि चमच्यातला वेगळा, शिवाय ख, घ, ठ, ढ आणि ळ. म्हणजे मराठीसाठी यंत्राला अधिक बारीक कान लागतील. पण जीभ खरोखरच वेगळ्या जागी जाते, तेव्हा हुकूमही वेगळा असणार, आणि म्हणून हे जमेल असा माझा विश्वास आहे. चँग यांच्या गटाने 2024 मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या रुग्णावर दाखवून दिलं की दोन्ही भाषांचे तोंडाचे हुकूम मेंदूत पुष्कळ अंशी सामाईक असतात. एका भाषेत शिकलेलं यंत्र दुसरी लवकर शिकतं.

अडचण येईल ती शब्द लावणाऱ्या प्रोग्रामची. त्याने पुस्तकी मराठीच वाचलेली असेल तर ‘कामून’ आणि ‘कळंना’ तो ‘दुरुस्त’ करून टाकेल, आणि माणसाच्या तोंडी दुसऱ्याचीच भाषा येईल. आपली बोली लिहून, रेकॉर्ड करून ठेवणं म्हणूनच केवळ हौसेचं काम राहिलेलं नाही.

मनातलं सगळं यंत्राला कळेल का, हा प्रश्न मला गावात हमखास विचारतात. 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की तोंड हलवायचा प्रयत्न न करता मनातल्या मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात ओळखता येतात, फक्त खूण फिकट असते. त्याच कामात त्यांनी कुलूपही घातलं: ठरलेला परवलीचा शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायला सुरुवातच करत नाही, आणि तो शब्द 98 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखला गेला. कुलूप आधीच तयार होतंय याचं मला समाधान वाटलं.

ज्यांची नजरही हलत नाही त्यांच्याबाबत मात्र फार जपून बोलायला हवं. अशा रुग्णांशी कवटीबाहेरून संवाद झाल्याचा 2017 मधला एक गाजलेला दावा 2019 मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानेच मागे घेतला. 2022 मध्ये एका एएलएस रुग्णाने मेंदूत बसवलेल्या सुयांच्या आधारे संगणकाच्या आवाजाची पट्टी वर-खाली करत अक्षरं निवडली; वेग मिनिटाला साधारण एक अक्षर. त्यातही त्याने खायला-प्यायला काय हवं ते सांगितलं, आपल्या लहान मुलाशी बोलला.

ही यंत्रं हे लिहिताना तरी प्रयोगातच आहेत. डोक्याची शस्त्रक्रिया, कवटीवर तारेची खुंटी, जंतुसंसर्गाची भीती, सोबत माणूस आणि संगणक. परभणी, हिंगोली, बीडच्या कुणी यासाठी जमीन विकायला काढू नये. असं यंत्र विकत मिळतं असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. नजर टिपणारे कॅमेरे मिळतात, ते संगणकाला लावता येतात, ज्याला झेपेल त्याने त्याची चौकशी जरूर करावी.

तक्ता मात्र आज संध्याकाळी करता येतो. मामांच्या दोन एकरांचा कागद तयार झाला तेव्हा अंगठा उठवायला शाईचा डबा घेऊन माणसं आली होती. बहिणीने त्यांना थांबवलं आणि आधी दादांना विचारलं. नजर खाली गेली. कागद परत गेला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतही बोलण्याला पर्यायी असलेले मार्ग धरलेले आहेत, हे आम्हाला पुढे कळलं.

करायचं असं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत क, च, ट, त, प या पाच ओळी, सहावीत य र ल व, सातवीत श स ह ळ. स्वर आणि काना-मात्रा सोडून द्या, त्या घरची माणसं भरतात. कोपऱ्यात एक चौकोन ‘चुकलं’ असा, त्याच्याशिवाय तक्ता कामाचा नाही. आधी उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा आणि तेच उलटे करूनही विचारा, म्हणजे नजर योगायोगाने गेली का ते समजतं. शब्द ओळखला की मोठ्याने म्हणून होकार घ्या, मगच पंख्याला हात लावा. दुपारी नाही, सकाळी विचारा, डोळे थकतात. आणि ओळीवर बोट ठेवलं की मनात पाचपर्यंत मोजा, मगच बोट पुढे न्या. मामांना वर बघायला तेवढा वेळ लागायचा.